शालीकरामची पाणी पिणारी मोटर

शालीकराम कापगतेचं नाव निघालं की नवेगाव बांधकडची जुनी माणसं अजून कौतुकानं मान डोलावतात. "पाण्यावर मोटर चालवे थो माणूस," म्हणतात. हे ऐकलं की माझं तोंड कडू होतं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं म्हणतात. पण शालीकरामबद्दल चांगलं बोलायचं तर मला खोटं बोलावं लागेल, आणि खोटं बोलायचं काम तो सगळ्यांच्या वाटचं एकटाच करून गेला आहे.

मी रामलाल, गोंदियाचा. स्वातंत्र्य मिळालं त्या सुमारास आम्ही दोघं एकाच प्रवासी मोटरीवर होतो. गोंदियाहून निघायचं, गोरेगाव, कोहमारा करत नवेगाव बांधला मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी परत. तो ड्रायव्हर. मी कंडक्टर, आणि वरून भट्टीवालाही. लढाई संपली होती तरी पेट्रोल परवान्यावरच मिळायचं, म्हणून मालकानं मोटरीच्या मागच्या अंगाला कोळशाची भट्टी बसवून घेतली होती. उभं लोखंडी पिंप, त्यात जंगलातला लाकडी कोळसा, खाली विस्तव. कोळसा धुमसला की गॅस निघायचा, तो नळीनं इंजिनात जायचा आणि मोटर चालायची. चालायची म्हणजे खोकत, कण्हत, चार माणसांचे धक्के खात. रोज सकाळी हातानं पंखा फिरवून भट्टी फुलवायची आणि मग काळ्या तोंडानं तिकिटं फाडायची, हे माझं काम. शालीकराम तोवर मिशांना तेल लावत बसलेला असे.

आता पाण्याचं सांगतो, कारण सगळं तिथूनच नासलं. इंजिन तापायचं, म्हणून समोरून त्यात पाणी घालावं लागे. ते सगळ्याच मोटरींना लागतं. पण आमच्या भट्टीतही थोडं पाणी लागायचं. रसरसलेल्या कोळशावर पाणी ठिबकू दिलं की गॅसला जोर येतो, हे खरं आहे. चढ आला की शालीकराम ओरडायचा, "पाणी दे, रामलाल!" आणि मी तोटी जराशी सोडली की मोटर चढ ओढायची. तोटी जास्त सुटली तर विस्तव विझायचा आणि सगळे उतारू उतरून ढकलायला लागायचे. म्हणजे जोर कोणाचा? जळणाऱ्या कोळशाचा. पाण्यानं एकट्यानं काय केलं, तर विस्तव विझवला.

गोंदियाच्या रेल्वेत गुलाबचंद नावाचा एक फिटर माझ्या ओळखीचा होता. मी त्याला एकदा विचारलं, की नुसत्या पाण्यावर गाडी चालेल का रे? तो बिडी पेटवत म्हणाला, "पानी तो जली हुई चीज है, भाई. राख समझ ले. राख को फिर से जलाएगा क्या?" मग म्हणाला, पाण्यातून जळणारा वायू काढता येतो, पण काढायला जेवढी आग खर्ची पडते तेवढी तो परत देत नाही. मला एवढं पुरलं. चूल विझल्यावर राख फुंकत बसणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

पण शालीकरामला खरं-खोटं काय, याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्याला मान हवा होता. एकदा नवेगावला मोटर उभी होती आणि भोवती नेहमीसारखी गर्दी होती. धनसिंग नावाचा जंगलाकडचा एक म्हातारा मोहफुलांचं टोपलं विकायला आला होता. त्यानं मोटरीला सगळीकडून हात लावून पाहिला आणि विचारलं, "का पेते जी हे?"

"पाणी पेते," शालीकराम म्हणाला.

"अन् खाते का?"

"कायी नाही. पाण्यावरच चालते. गोंदियाच्या नळाचं नोहोय हां, आपल्या बांधाचं. त्या पाण्यात ताकद हाय."

शालीकराम जातीनं कोहळी. दोन डोंगरांच्या मधे पाळ घालून नवेगावचा एवढा मोठा तलाव कोहळ्यांच्याच पूर्वजांनी बांधला, हा त्या लोकांचा अभिमान, आणि तो खोटाही नाही. शालीकरामनं मात्र पूर्वजांच्या कष्टाची कमाई आपल्या थापेच्या कामी लावली. गर्दी एकदम खूश झाली. आपल्या तलावाच्या पाण्यावर मोटर चालते म्हटल्यावर कोण नाही म्हणणार?

मी मागून म्हणालो, "अन् मी जो कोळसा भरून राहिलो, तो काय दात घासाले?"

"थो पाणी गरम कराले," शालीकराम मागं न बघता म्हणाला. "थंडं पेलं तं सर्दी होते तिले."

सगळे हसले. मला हसले, हे सांगायला नकोच.

त्यानंतर मी कितीही डोकं फोडलं तरी उपयोग झाला नाही. उलट लोकांकडे तयार उत्तर होतं. गोंदिया जंक्शनला आगगाडीचं इंजिन पाण्याच्या नळाच्या सोंडेखाली उभं राहून पाणी पितं, हे प्रत्येकानं पाहिलेलं. "आगगाडी पाणी पेते, मंग मोटर काऊन नाही?" मी म्हणायचो, अरे बाबांनो, ती कोळसाही खाते! तर म्हणायचे, "माणूसबी भात खाते अन् पाणी पेते. पाण्याबिगर चार दिवस राहून दाखव." आता याला काय सांगणार? गाढवापुढे वाचली गीता.

आणि मग घड्यांचा प्रकार सुरू झाला. आमच्याकडे दारी माणूस आला की शब्दाआधी पाणी पुढं येतं. मोटरही पाहुणीच की! थांब्याथांब्यावर बायका मोटरीसाठी वेगळा घडा भरून ठेवू लागल्या. कोरा करकरीत घडा, त्याला हळदीकुंकवाची बोटं. त्या घड्याला दुसरं कोणी तोंड लावायचं नाही, तहानेनं जीव गेला तरी. मोटर आली की शालीकराम दोन्ही हातांनी घडा घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि समोरून पाणी घालायचा. मग त्याच्यासाठी कोणाकडे तलावातले मासे, कोणाकडे कोंबडी, कोणाकडे नव्या तांदळाचा भात. लग्नात पहिल्या पंगतीत पाट. एका मंडईच्या जत्रेत तर त्यानं सायकलच्या दिव्यातला कार्बाइड वाटीत ठेवून त्यावर पाणी शिंपडलं आणि काडी लावली. भपकन जाळ झाला. लोकांनी हात जोडले. जळत होता कार्बाइडचा वायू, आणि नमस्कार घेत होता हा.

पुढं पेट्रोल मोकळं मिळू लागलं. मालकानं भट्टी काढून टाकली आणि तिच्या जागी, मागच्या अंगालाच, पेट्रोलची टाकी बसवली. मला वाटलं, सुटलो. आता थाप आपोआप मरेल. पण ज्याला फुकटच्या मासळीची चटक लागली तो कशाला सुधारतो? शालीकराम गोंदियातच टाकी भरून घ्यायचा, आणि मागचं झाकण फडक्यानं झाकून ठेवायचा. गावातल्या एखाद्या बाईनं घडा घेऊन मागं जायला पाहिलं, की अडवायचा. "समोरचं पाणी तहानेचं, मागचं पाणी ताकदीचं. ताकदीचं मीच पाजतो. दुसऱ्याचा हात लागला तं रुसते." हे वाक्य त्यानं इतक्या वेळा म्हटलं, की त्या रस्त्यावर पोरंसोरं ते खेळात म्हणायची.

त्याची बायको देवकाबाई. तिच्याबद्दल मला एक वाईट शब्द काढता येत नाही. मुक्कामाला मी त्यांच्याकडेच जेवायचो. रोवणीत दिवसभर चिखलात उभी राहून आलेली ही बाई, आल्या आल्या नवऱ्याच्या मोटरीचा घडा आधी घासायची. मी एकदा जेवताना तिला सरळ सांगितलं, "वहिनी, मोटर पेट्रोलवर चालते. हा सगळ्यांना बनवून राहिला."

ती रागावली नाही. माझ्या पानात भात वाढत म्हणाली, "भाऊ, तुमाले नाही जमत, म्हणून त्यायले नावं नका ठेवू."

शालीकराम समोरच जेवत होता. त्यानं माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि माझ्याकडे बघून हसला. बायकोला तरी खरं सांगावं ना माणसानं! जगाला फसवणारे पुष्कळ असतात, पण घरी आल्यावर सोंग खुंटीला टांगतात. हा ते पांघरून झोपायचा.

मी ती नोकरी सोडली. काही दिवसांनी हिवतापाच्या खात्यात जीपवर ड्रायव्हर लागलो. गावोगाव घरांच्या भिंतींवर औषध फवारणारी माणसं आणि त्यांची पिंपं न्यायची. पुढं एका साली ज्येष्ठात आमचा मुक्काम नवेगावलाच पडला. शालीकरामची मुलगी फुलवंता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. लहानपणी माझ्या तिकिटांच्या फाटक्या कपट्यांची दुकानं मांडणारी पोर ती. मला बघून लाजून हसली. म्हणाली, "काका, तुमची मोटर लहान झाली जी."

चारेक दिवसांनी, सकाळची न्याहारी उरकत असताना, शालीकराम धावत आला. त्याची मोटर गोंदियाला दुरुस्तीत होती, म्हणून तो घरीच होता. कळा आदल्या दिवसापासून चालू होत्या, मूल आडवं होतं, आणि सुईणीनं हात टेकले होते. गोंदियाच्या दवाखान्यात न्या, नाहीतर दोन्ही जीव जातील, असं ती म्हणाली होती. मी जीप त्यांच्या अंगणात आणून लावली. पेट्रोलचा काटा बिघडलेला असल्यामुळे सीटखालचं झाकण उघडून टाकीत काडी घालून पाहिली. अर्ध्याला थोडं कमी पेट्रोल होतं. गोंदियापर्यंत पुरण्यासारखं. "पोचते," मी म्हणालो, आणि आमच्या साहेबाची परवानगी घ्यायला, आम्ही उतरलो होतो त्या शाळेकडे पळालो. साहेब भला माणूस, एका शब्दात हो म्हणाला.

परत आलो तर पिंपं उतरवून झाली होती. फुलवंताला खाटेवरून आणून मागं निजवलं होतं, तिचं डोकं आईच्या मांडीवर. देवकाबाईचं लुगडं ओलं होतं, पण अशा वेळी लुगडं ओलं का, हे कोण विचारतं? जीपला फवाऱ्याच्या औषधाचा वास एवढा, की दुसरा कुठला वास नाकाला कळलाच नाही. शालीकराम माझ्या शेजारी बसला. मी जीप काढली.

गाव सुटलं, पाळ मागं पडली, जंगल लागलं. आणि जीपनं गचके खाल्ले. एक, दुसरा, आणि बंद. मी खाली उतरलो, इंजिनावरचं टोपण उघडलं, सगळं पाहिलं. मग खाली शिरून टाकीचं बूच काढलं आणि हात धरला. हातावर पडलं ते गार होतं. वास नव्हता. धार थांबेना. रस्त्यावर ओहळ झाला.

"टाकीत पाणी कोणी ओतलं?" मी खालूनच ओरडलो.

"मी पाजलं जी भाऊ," देवकाबाई म्हणाली. "तुमी काडी टाकून पाह्यलं तं अर्धंच होतं. मी चार घडे पाजले, वरून वाहाले लागलं तरी पाजत राहिली. फुलवंताले वाटेत थांबा लागू नये म्हणून. ताकदीचं पाजलं."

लेकीसाठी जे जे करता येईल ते सगळं केलेल्या आईचा आवाज होता तो. मी बाहेर आलो. पाणी जड, पेट्रोल हलकं. ती ओतत गेली तसं पेट्रोल वर चढत गेलं आणि बाहेर सांडलं. जे वाहिलं ते पाणी नव्हतं, गोंदियाची वाट होती.

मी शालीकरामकडे पाहिलं. तो रस्त्यावरच्या ओहळाकडे बघत उभा होता. चेहऱ्यावर रक्त नव्हतं. त्याला सगळं कळलं होतं. गोंदियात पहाटे उठून कितीदा स्वतःच्या हातानं पेट्रोल भरणारा माणूस तो, त्याला नाही कळणार तर कोणाला? मी म्हणालो, "सांग, शालीकराम. आता तरी सांग तिला."

त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. बायकोकडे वळला. मला वाटलं, सांगतो आता. माणूस कितीही सडला तरी पोरीच्या जिवापुढे खरं बोलतो, असं मला त्या दिवसापर्यंत वाटायचं.

"गाळून घेतलं होतं का?" त्यानं तिला विचारलं.

देवकाबाई गोंधळली. "का जी?"

"पाणी. गाळलं होतं का?"

"नाही जी... घाई होती ना..."

"मंग?" तो म्हणाला. "गाळ अडकला नळीत. म्हणून बंद पडली."

देवकाबाईनं तोंडावर हात ठेवला. माझ्या हातात पाना होता. तो मी त्याच्या टाळक्यात घातला नाही, याचं कारण एवढंच, की त्याच पान्यानं मला कार्बोरेटर खोलायचा होता. मी थुंकलो. त्याच्या पायाशी थुंकलो. त्यानं पाय मागं घेतला.

पाणी निथळू दिलं, नळ्या तोंडानं फुंकल्या, कार्बोरेटर पुसला. वर तरंगलेलं पेट्रोल टाकीत उरलं होतं ते किती, तर आचमन करावं एवढं. तेवढ्यावर जीप उठली. थोडी गेली. फुलवंता तोवर ओरडत होती, मला वाटलं ओरडते आहे म्हणजे जीव आहे. कोहमाऱ्याच्या अलीकडे जीप परत थांबली, आणि या वेळी ती कशानंच उठणार नव्हती. मी शेतातून धावत जाऊन एकाची बैलगाडी आणली. गाडीवान गडी चांगला, बैल पळवले त्यानं. पण बैल ते बैल. गोरेगाव यायच्या आत फुलवंताचं ओरडणं थांबलं. नंतर कण्हणंही थांबलं. मूल पोटातच राहिलं.

शालीकराम गाडीत कोसळून रडला. ते रडणं खोटं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. त्याची पोर होती, त्यानं तिला खांद्यावर खेळवली होती. आणि त्यामुळेच मला त्याची जास्त शिसारी आली. एवढं खरं रडू येत होतं तर एक वाक्य खरं बोलायला काय धाड भरली होती?

तेराव्याला मी मुद्दाम गेलो. अंगणात माणसं बसली होती. मी उभा राहून सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. भट्टी, कोळसा, गोंदियातलं पेट्रोल, फडक्यानं झाकलेलं झाकण, आणि जंगलात विचारलेला तो प्रश्न. शालीकराम जमिनीवर काडीनं रेघा ओढत होता. त्याला बोलायची गरजच पडली नाही. एक जण म्हणाला, "सरकारी मोटर थे. तिले आपलं पाणी पचलं नसंल." दुसरा म्हणाला, "रामलालच्या गाडीत पोरगी गेली, म्हणून थो दुसऱ्यावर ढकलून राहिला." आणि सगळ्यांनी माना हलवल्या. त्या माना बघून मला त्या गावाचीच किळस आली.

मी आत गेलो. देवकाबाई चुलीपाशी बसली होती. मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही तरी ऐका. पाणी गाळून ओतलं असतं तरी जीप बंदच पडली असती. पाण्यावर मोटर चालत नाही. कोणतीच नाही. कधीच चालली नाही. चूक तुमची नाही, ज्यानं तुम्हाला शिकवलं त्याची आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते. "भाऊ," ती म्हणाली, "तुमी माह्यासाठी बोलता, मले समजते. पण पदर तं होता ना माह्यापाशी. पदराची घडी घड्यावर टाकाले कितीसा वेळ लागते? तेवढं नाही केलं मी. माह्या हातानं मेली माही पोर."

मी पुन्हा सांगू लागलो. ती उठली. बाहेरच्या माणसांना पाणी हवं होतं. तिनं एक स्वच्छ धडपा घेतला, दोनदा दुमडला, तो घड्याच्या तोंडावर ताणून बांधला आणि त्यातून पाणी ओतलं. मग तेच पाणी दुसऱ्या घड्यात, पुन्हा त्याच धडप्यातून. शेजारीण माझ्या कानाशी म्हणाली, त्या दिवसापासून असंच चालू आहे. बैलांचं पाणी गाळते, सारवणाचं पाणीसुद्धा गाळते. कोणी हात धरला तर रडते.

गाळून झाल्यावर तिनं लोटा भरला आणि अंगणात जाऊन सगळ्यांच्या आधी नवऱ्याच्या हातात दिला. शालीकरामनं लोट्यात पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. मी दारात उभा होतो, माझ्याकडेही पाहिलं. लोटा वर धरून तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, आणि रिकामा लोटा तिच्यापुढे धरून म्हणाला, "अजून दे."